'कोणीतरी अ‍ॅड्रेनलिन भरा' : भूलशास्त्रातील आणीबाणीच्या सिम्युलेशन कार्यशाळेविषयी

दोन महिन्यांपूर्वी मराठवाड्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्किल लॅबमध्ये, भूल देताना उद्भवणाऱ्या आणीबाणीच्या प्रसंगांवर दोन दिवसांची सिम्युलेशन कार्यशाळा (खऱ्या रुग्णाऐवजी पुतळ्यावर प्रसंग घडवून सराव) झाली. एमबीबीएसच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थी, इंटर्न आणि भूलशास्त्राचे पहिल्या वर्षाचे रेसिडेंट यांच्यासाठी ती आखलेली होती आणि माझ्यासारख्या बाहेर प्रॅक्टिस करणाऱ्यांना अर्ध्या शुल्कात निरीक्षक म्हणून बसण्याची मुभा होती. माझा भाचा सध्या इंटर्नशिप करतो आहे. त्याने नाव नोंदवले आणि त्याच्यामागोमाग मीही नोंदवले. औसा, निलंगा, अहमदपूर अशा गावांतल्या नर्सिंग होममध्ये फिरून भूल देण्यात माझी एकोणीस वर्षे गेली आहेत. कार्यशाळेत पुतळ्यावर घडवलेल्या पाच प्रसंगांपैकी तीन मी जिवंत माणसावर, हाताशी एक सिस्टर आणि एक मामा (वॉर्डबॉय) एवढ्याच मनुष्यबळावर निभावलेले आहेत. त्यामुळे या परीक्षणात लहान गावाकडे थोडा कल असणार, हे आधीच सांगून ठेवते. आयोजकांचे नाव लिहिलेले नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांना पत्राने कळवल्या आहेत.

विद्यार्थ्यांना शुल्क ४,००० रुपये होते. जाहिरातीचा सगळा भर पुतळ्यावर होता : तो श्वास घेतो, त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या लहानमोठ्या होतात, मनगटाला नाडी लागते आणि औषध दिले की मॉनिटरवरचे आकडे बदलतात. यातले काही खोटे नाही. मात्र भाच्याचे पैसे वसूल झाले ते भिंतीवर बसवलेल्या दोन कॅमेऱ्यांमुळे, आणि प्रसंग संपल्यावर त्यांतले चित्रण दाखवत, आवाज न चढवता प्रश्न विचारणाऱ्या दोन प्रशिक्षकांमुळे.

पहिला प्रसंग असा होता. बत्तीस वर्षांचा तरुण, हर्नियाची शस्त्रक्रिया, पूर्ण भूल दिलेली, ट्यूब टाकलेली. अँटिबायोटिक शिरेतून गेल्यावर दोन मिनिटांत वरचा रक्तदाब ५५ वर आला, नाडी १४० वर गेली, श्वास देण्याची बॅग दाबायला जड लागू लागली आणि रक्तातले ऑक्सिजनचे सॅच्युरेशन ८४ वर उतरले. अंगावर चट्टे उठले होते, पण ते हिरव्या कापडाखाली होते आणि कापड उचलून कोणी पाहिले नाही. डोक्याशी माझा भाचा उभा होता. ही औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी आहे, हे त्याने पाऊण मिनिटात ओळखले, याचे मला कौतुक वाटले. मग तो म्हणाला, "कोणीतरी अ‍ॅड्रेनलिन भरा." खोलीत आणखी चौघे होते. चौघांनीही ऐकले, चौघांनीही मान हलवली आणि एकमेकांकडे पाहिले. चित्रणातल्या घड्याळाप्रमाणे औषध शिरेत जायला त्यानंतर १ मिनिट ५० सेकंद लागले, आणि जे भरून पुढे आले ती एक मिलिग्रॅमची आख्खी कुपी होती. नाडी लागत असलेल्या प्रौढ रुग्णाला शिरेतून द्यायचे अ‍ॅड्रेनलिन ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे ती कुपी १० मिलिलिटरपर्यंत पातळ केल्यावर त्यातले अर्धे मिलिलिटर; स्नायूत द्यायचे असेल तर पातळ न करता अर्धा मिलिग्रॅम. हा फरक त्या खोलीत सगळ्यांना पाठ होता आणि परीक्षेत सगळ्यांनी तो बिनचूक लिहिला असता.

चित्रण दाखवताना प्रशिक्षक मॅडमनी 'कोणीतरी' या शब्दापाशी चित्र थांबवले आणि एवढेच विचारले, "हे कोण?" हशा झाला आणि भाच्याचे कान लाल झाले. मग त्यांनी फार मार्मिक गोष्ट दाखवून दिली. थिएटरमध्ये आपण मराठीत सौजन्याने बोलायला गेलो की ज्याच्याकडून काम हवे तो माणूसच वाक्यातून निघून जातो. "जरा बघून घ्या", "भरून ठेवा", "फोन लावायला पाहिजे" अशी वाक्ये सर्वांसाठी असतात, म्हणून ती कोणासाठीच नसतात. दुसऱ्या फेरीला नियम ठरला : नाव किंवा पद घ्यायचे, औषध आणि मात्रा सांगायची, ऐकणाऱ्याने ती मोठ्याने परत म्हणायची आणि काम झाल्यावर "दिले" असे कळवायचे. तोच प्रसंग आणि तीच मुले असताना अ‍ॅड्रेनलिन ३५ सेकंदांत, योग्य मात्रेत गेले. एकोणीस वर्षांत मी स्वतः किती वेळा 'कोणीतरी' म्हणाले असेन, याचा हिशेब करत मी निरीक्षकांच्या बाकावर गप्प बसून होते.

या शिक्षणपद्धतीची मुळे भूलशास्त्रातच आहेत, हे मुलांना थोडक्यात सांगितले गेले. नॉर्वेच्या आसमुंड लेर्डाल यांची रेसुसी अ‍ॅन ही बाहुली १९६० मधली. त्याच दशकात अमेरिकेत संगणकाच्या आधारे चालणारा 'सिम वन' हा पुतळा तयार झाला, तो भूलशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ट्यूब टाकायला शिकवण्यासाठी. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी पूर्ण थिएटरच उभे करून सराव घ्यायला सुरुवात केली आणि वैमानिकांच्या प्रशिक्षणातले संकटकाळच्या संवादाचे धडे त्यात आणले. आपल्याकडे २०१९ मध्ये लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमापासून महाविद्यालयात स्किल लॅब असणे बंधनकारक आहे. संभाजीनगर, आंबेजोगाई, नांदेड, लातूर ही जुनी सरकारी महाविद्यालये आणि धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली ही अलीकडची, अशा सगळ्या ठिकाणी पुतळे येतील किंवा आलेही असतील. पण चित्र नेमक्या शब्दावर थांबवणारा प्रशिक्षक निविदा काढून मिळत नाही, आणि या कार्यशाळेत तसे दोन मिळाले, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

सिझेरियनचा प्रसंग सर्वांत जमून आला होता. स्पायनल, म्हणजे कमरेखालचा भाग बधिर करणारी पाठीतली भूल, दिल्यावर चौथ्या मिनिटाला बधिरता वर चढू लागते. नियंत्रण खोलीत बसलेल्या एक सिस्टर माइकवरून रुग्णाचा आवाज देत होत्या आणि त्यांच्या बोलण्यावरून त्या परळी-गंगाखेडच्या बाजूच्या असाव्यात. "मॅडम, मला दम लागायलाय ओ," पुतळा म्हणाला. मग म्हणाला, "हात उचलंना गेलेत." मुले मॉनिटर पाहत होती. नाडी ४६, रक्तदाब ७०/४०. त्यांनी सलाइन वाढवले, नाडीसाठी अ‍ॅट्रोपिन दिले, रक्तदाबासाठी मेफेंटरमिन दिले. यात चूक काही नव्हती. पण बाईचा आवाज उतरत कुजबुजीवर आला आणि ते कोणाच्याही कानांनी टिपले नाही. बधिरता छातीच्या वरच्या चार मज्जाखंडांपर्यंत पोचली की हृदयाची गती वाढवणाऱ्या तंतूंचे काम थांबून नाडी मंदावते. ती आणखी वर मानेकडे सरकली की आधी हाताची पकड सैल होते, मग आवाज जातो आणि त्यानंतर श्वास. "ताई, माझा हात दाबा बरं," एवढ्या वाक्याने जे कळले असते ते मॉनिटर दोन मिनिटे उशिरा सांगतो. टेबल डावीकडे कलते करून गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवरून हलवण्याचेही पहिल्या फेरीत राहून गेले, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना तर कोणी काही सांगितलेच नाही. दुसऱ्या फेरीत एका इंटर्न मुलीने पुतळ्याचा हात हातात घेतला, "ताई, मी इथंच आहे, आता तुमचा श्वास मी देते," असे सांगितले आणि मगच मास्क ठेवला. माझ्यावर हा प्रसंग दोनदा आला आहे. दोन्ही वेळा बाळ-बाळंतीण सुखरूप राहिले, पण या मुलीइतके शांतपणे मला पहिल्या वेळी बोलता आले नव्हते.

दुसऱ्या दिवशीचा प्रसंग ज्येष्ठांपुढे तोंड उघडण्याचा होता. ट्यूब श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेलेली, ती टाकणारे 'सर' म्हणजे एक प्रशिक्षकच, आणि ते ठामपणे सांगत होते की ट्यूब बरोबर आहे, छातीत आकडी आली असेल. शेजारी उभ्या असलेल्या रेसिडेंटला कॅप्नोग्राफची (श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राची) सपाट रेघ दिसत होती. तो म्हणाला, "सर, एकदा बघायचं का?" मग म्हणाला, "सर, कॅप्नो लागलाय ना?" मग, "सर, सॅच्युरेशन थोडं कमी वाटतंय का?" त्या वेळी सॅच्युरेशन ६१ होते. चित्रण पाहताना त्याचे चार प्रश्न मोजले गेले. सरळ विधान एकही नव्हते. आपल्याकडे मुलगा लहानपणापासून मोठ्यांना प्रश्नार्थी बोलूनच सुचवायला शिकतो आणि घरात त्याने बिघडत नाही. थिएटरमध्ये वाक्य असे हवे, असे त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतले : "सर, कॅप्नोग्राफवर लाट नाही. ट्यूब अन्ननलिकेत आहे. मी ट्यूब काढून मास्कने श्वास देतो." 'सर' हा शब्द काढायला कोणी सांगितले नाही, हे मला फार आवडले. याच वेळी इंग्लंडमधील एलेन ब्रॉमिली यांची २००५ सालची हकिगत सांगण्यात आली. साध्या नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी भूल देताना त्यांच्या श्वासमार्गाची अडचण झाली, अनुभवी डॉक्टर ट्यूब टाकण्याच्या प्रयत्नांतच अडकून पडले, परिचारिकेने गळ्याला छेद देण्याचा संच आणून ठेवला तरी तो वापरला गेला नाही आणि त्या वाचल्या नाहीत. त्यांचे पती मार्टिन हे वैमानिक. त्यांनी पुढे डॉक्टरांना याच विषयावर शिकवण्याचे काम उभे केले. खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

हृदय बंद पडलेले असले तरी छाती दाबणे चालू असेल तर कॅप्नोग्राफवर लहान का होईना लाट उमटते, म्हणून रेघ सपाट असेल तर ट्यूब जागेवर नाही असेच आधी धरायचे, हा मुद्दा उत्तम समजावला गेला. माझी अडचण पुढची आहे. मी जिथे जाते त्या पाच नर्सिंग होमपैकी दोनच ठिकाणी कॅप्नोग्राफ आहे. तो नसताना हाच प्रसंग कसा घडवणार, असे मी विचारले. स्टेथोस्कोप फसवू शकतो, म्हणून शंका आली तर ट्यूब काढून मास्क लावावा, असे उत्तर मिळाले आणि ते बरोबरही आहे. तरी एक फेरी कॅप्नोग्राफ झाकून घ्यायला हवी होती.

पुतळ्याहून जास्त शिकवून गेले ते बोकड. ट्यूबही टाकता येत नाही आणि मास्कनेही प्राणवायू पोचत नाही, अशा वेळी गळ्याच्या पुढच्या बाजूने वाट काढावी लागते. ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीने २०१५ मध्ये सांगितलेली पद्धत अशी आहे : १० नंबरच्या ब्लेडने गळ्यातल्या पडद्याला छेद, त्यातून बूजी (वाट दाखवणारी लवचीक काडी) आत आणि तिच्यावरून ६ नंबरची कफवाली ट्यूब. खाटकाकडून आणलेल्या श्वासनलिका थर्माकोलवर पिनांनी बसवून त्यांवर चामडीचा तुकडा ताणला होता. प्रत्येकाला पाच छेद घ्यायला मिळाले. पहिल्या वेळी दीड-दोन मिनिटे लागत होती, पाचव्या वेळी बहुतेक जण अर्ध्या मिनिटात आत पोचले. माळकरी घरातल्या एका मुलाने आधी हात मागे घेतला, मग हातमोज्यांवर दुसरे हातमोजे चढवले आणि तुकडीतला सर्वांत नीट छेद त्यानेच घेतला. या सगळ्याला पुतळ्याच्या एका सुट्या भागाइतकाही खर्च आला नसेल.

आता तक्रारी. मॅलिग्नंट हायपरथर्मिया या आजारावर पाऊण तास गेला. आजार खरा आहे आणि घातक आहे. स्कोलिन (ट्यूब टाकण्यासाठी स्नायू सैल करणारे औषध) किंवा हुंगवायच्या भुलेने काही जणांच्या स्नायूंत तो भडकतो आणि बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वाढत जाणे ही त्याची लवकरची खूण असते, हे माहीत असायलाच हवे. पण त्या पाऊण तासातला बहुतेक वेळ त्यावरचे औषध डॅन्ट्रोलिन विरघळवण्यात गेला. सत्तर किलोच्या रुग्णाला किलोमागे अडीच मिलिग्रॅमप्रमाणे १७५ मिलिग्रॅम, म्हणजे २० मिलिग्रॅमच्या नऊ कुप्या, प्रत्येकीत ६० मिलिलिटर पाणी. मुलांनी नऊ रिकाम्या कुप्या तन्मयतेने हलवल्या. एकोणीस वर्षांत या औषधाची एकही कुपी मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. तेवढ्या वेळात मण्यार चावून पापण्या मिटत चाललेला आणि श्वास मंदावणारा शेतमजूर घेता आला असता. किंवा फवारणीचे औषध प्यायलेला रुग्ण घेता आला असता, ज्याला ट्यूब टाकण्यासाठी स्कोलिन दिले तर ते मोडणारे एन्झाइमच विषाने निकामी झालेले असल्यामुळे काही मिनिटांचा परिणाम तासन्तास टिकू शकतो. सेंट्रल ऑक्सिजन बंद पडल्यावर काय करायचे, हेही कोणी विचारले नाही. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर असतात, मिनिटाला दहा लिटर दिले तर अडीच तास पुरतात. आणि चावी सिलिंडरला बांधलेली नसेल तर हा हिशेब काही कामाचा नाही, एवढे सांगायला पाच मिनिटे पुरली असती.

संधी तर चालून आली होती. पहिल्या दिवशी दुपारी सव्वातीनला प्रसंग रंगात असताना वीज गेली, आणि पुतळा जनरेटरच्या जोडणीवर नसल्यामुळे मॉनिटर काळा पडला, पंखा थांबला आणि पुतळ्याचा श्वासही थांबला. मुलांना वाटले की हाही प्रसंगाचाच भाग आहे. एका मुलीने लगेच मानेवर बोटे ठेवली, दुसऱ्याने मोबाइलचा उजेड धरला, तिसऱ्याने हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग जोडली. तेवढ्यात आयोजकांनी "थांबा, थांबा" म्हणत सगळ्यांना चहाला पाठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळचा सव्वा तास दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि भाषणे यांत गेला. त्याची भरपाई झाली ती चित्रणावरच्या चर्चेतून. पहिल्या दिवशी दहा मिनिटांच्या प्रसंगावर पंचवीस मिनिटे बोलणे होत होते; दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ते सात-आठ मिनिटांवर आले, आणि ब्लॉक (शरीराचा एकच भाग बधिर करणारी भूल) देताना बुपिव्हाकेन हे बधिर करणारे औषध रक्तात जाऊन झटके येण्याचा प्रसंग तर जवळजवळ चर्चेविनाच संपला. त्यावर उतारा म्हणून २० टक्के लिपिड इमल्शन किलोमागे दीड मिलिलिटर द्यायचे हे त्यांनी वहीत उतरवले, पण ती बाटली थिएटरमध्ये कुठल्या कपाटात असते हे विचारायला कोणाला वेळ मिळाला नाही. प्राणवायू कमी पडल्याचे दाखवणारा पुतळ्याच्या ओठांतला निळा दिवाही मला खटकला. आपल्याकडच्या सावळ्या रुग्णाचा निळेपणा ओठांवर पटकन दिसत नाही. जीभ पाहावी लागते, आणि तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. जेवण चांगले होते आणि राहण्याची सोय ठीक होती.

प्रत्येकाला लॅमिनेट केलेली आणीबाणीची कार्डे मिळाली. अशा कार्डांचा उपयोग होतो याला आधार आहे. २०१३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात थिएटरच्या १७ पथकांनी १०६ कृत्रिम प्रसंग हाताळले, तेव्हा कार्ड हाती नसताना आवश्यक पायऱ्यांपैकी २३ टक्के राहून गेल्या आणि कार्ड असताना ६ टक्के. मात्र ही कार्डे एकाने मोठ्याने वाचायची असतात. ट्यूब टाकणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे ते काम आमच्याकडे सिस्टरांवर येते आणि कार्डे सगळी इंग्रजीत आहेत. परतीच्या वाटेवर गाडीत भाच्याने त्यांतली दोन मराठीत उतरवली. त्यातले 'श्वासनलिकेतील नळी' खोडून मी 'ट्यूब' केले, कारण घाईत तोच शब्द तोंडी येतो.

सहा आठवड्यांनी उजळणी घेऊ, असे समारोपाला सांगितले होते. आठवा आठवडा चालू आहे आणि अजून निरोप नाही. हाताची सवय सरावाविना किती लवकर मोडते हे आयोजकांना मी सांगायची गरज नाही. तरीही इंटर्न आणि पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटनी ही कार्यशाळा जरूर करावी. अंतिम वर्षाच्या ज्या विद्यार्थ्यांचे भूलशास्त्राचे पोस्टिंग अजून झालेले नाही, त्यांनी आधी ते करून मग जावे, नाही तर त्यांचे दोन्ही दिवस उपकरणांची नावे समजून घेण्यातच जातील.

माझी सर्वांत मोठी हरकत मात्र प्रवेश अर्जालाच आहे. पाचही प्रसंगांत सिस्टरची भूमिका एखादी विद्यार्थिनी करत होती. थिएटरमध्ये काम करणारी खरी परिचारिका एकही नव्हती, कारण अर्जात 'विद्यार्थी', 'रेसिडेंट' आणि 'निरीक्षक डॉक्टर' असे तीनच पर्याय होते. निलंग्यात माझ्यासोबत चौदा वर्षे उभ्या राहणाऱ्या सिस्टरांना मी बरोबर नेणार होते. फोनवर उत्तर मिळाले की परिचारिकांचे प्रशिक्षण वेगळे असते. 'कोणीतरी अ‍ॅड्रेनलिन भरा' हे वाक्य आमच्या थिएटरमध्ये ज्यांच्यासाठी असते त्या याच. पुढच्या तुकडीच्या अर्जात त्यांच्यासाठी रकाना निघाला, तर त्यांचे शुल्क मी भरणार आहे आणि निरीक्षकांच्या बाकाऐवजी त्यांच्या शेजारी उभे राहण्याची परवानगी मागणार आहे.